एकाच वाचकाचं पुस्तक

"हे कुणाच्या हातात पडणार?" कुठलाही कागद समोर आला की अण्णा आधी हे विचारायचे आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं त्याच्या कोपऱ्यावर टकटक करायचे. मग ती लग्नपत्रिका असो, नाहीतर पाण्याच्या टाकीची नोटीस.

मल्लेश्वरममध्ये आमच्याच इमारतीत तळमजल्यावर ते एकटे राहायचे. एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन म्हणून उभं आयुष्य गेलेलं. घराणं तीन पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठीत 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' यांचा मुक्त संचार. मी पुण्याची. पहिलं वर्षभर मी त्यांच्या मराठीला मनातल्या मनात लाल रेघा मारत होते.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची सूचना त्यांनी एकदा चपलांच्या फळीवर, गुडघ्याच्या उंचीवर लावली. अध्यक्ष चिडले. अण्णा म्हणाले, "चपला काढताना माणूस वाकतो, तेव्हाच वाचतो. वर लावलेली तुम्ही एकटेच वाचता." त्या वर्षी आरतीला सगळे वेळेवर आले.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. वाचणारा कोण, हे ज्याला कुणी शिकवायची गरज नाही असा. आणि त्यालाच हे शिकवायला मी घेऊन गेले. हे शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. जमणार नाही.

झालं असं, की बहात्तराव्या वर्षी अण्णांनी तीन वह्या भरून लिहिलं आणि त्या माझ्या हातात दिल्या. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिते आणि मंडळाचा वार्षिकांक काढते, म्हणजे त्यांच्या मते मी लेखिका. वह्यांत कारखान्यातली माणसं होती. मी चाळल्या आणि म्हणाले, "अण्णा, हे आत्मचरित्र आहे की कथा? प्रकार ठरवायला हवा." शिवाय कोरमंगलात नवलेखकांची एक दिवसाची कार्यशाळा होती, तिथे माझ्या खर्चानं त्यांचं नाव घातलं. हौस मोठी माझी!

शिकवायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. हॉलभर आयटीतली पोरं, आणि पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून अण्णा. गृहस्थांनी प्रत्येकाला विचारलं, तुमचा ऑडियन्स कोण? कुणी म्हणालं तरुण वर्ग, कुणी म्हणालं महिला.

अण्णा उभे राहिले. "इथल्या शिवाजीनगरात एक बाई आहे. तिचा नवरा आमच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. कामावर असतानाच गेला. कसा गेला, ते तिला कुणी नीट सांगितलं नाही. तिला वाचायला लिहिलंय."

"एकच वाचक?" गृहस्थ म्हणाले. "मग काका, तिला फोनच करा की!"

हॉल हसला. मीही हसले. हे लिहिताना माझे कान तापतात, पण हसले.

अण्णा म्हणाले, "तोंडानं सांगता आलं असतं, तर लिहिलं असतं का सर?" पण तोवर गृहस्थ पुढच्या माणसाकडे वळले होते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अण्णांना बाजूला घेऊन निकाल दिला. हे दुःखाचं कुणी विकत घेत नाही. कारखान्याचा अनुभव आहे ना? मग प्रेरणादायी लिहा. वाचक पुण्या-मुंबईचा, वय पंचवीस ते चाळीस. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. वही उघडूनही न पाहता बोलला. पण त्याला शिव्या घालायला मी कोण? परतताना रिक्षात मीच म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे, अण्णा. आणि ते कानडी शब्दही काढा."

"सरी," अण्णा म्हणाले.

राग अण्णांचाही येतो. उभ्या जन्मात साहेबाला न घाबरलेला माणूस, एका दिवसाच्या मास्तरापुढे मान का तुकवतो? छापील दुनियेतलं आपल्याला काय कळतं, असं वाटलं असेल. वर्षभर खपून त्यांनी सगळं नव्यानं लिहिलं. मंडळानं छापलं: 'यशाचा आराखडा'. मुखपृष्ठावर टाय लावलेले अण्णा, अगदी अवघडलेले. आत जिद्द, चिकाटी, वेळेचं नियोजन. माणूस एकही नाही.

"त्या बाईंना प्रत दिली का?" मी विचारलं.

"हे तिच्या हातात देण्यासारखं नाही."

"मग जुन्या वह्या द्या."

"त्या फाडल्या." ते शांतपणे म्हणाले. "नवं ड्रॉइंग आलं की जुनं फाडायचं. दोन्ही ड्रॉइंगं वर्कशॉपमध्ये राहिली, की कुणीतरी जुन्यावर काम करतो आणि हात तुटतो, जीव जातो. आमचा नियमच आहे तो."

मी त्यांच्यावर ओरडले. वही म्हणजे काय ड्रॉइंग आहे का, म्हणून तावातावानं बोलले. ते पेन्सिल हातात फिरवत राहिले. तीन महिन्यांनी झोपेतच गेले.

मंडळाच्या शोकसभेत सगळे 'यशाचा आराखडा'बद्दल भरभरून बोलले. सभा संपल्यावर निपाणीकडच्या बोलीत कुणीतरी मला हाक मारली. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. शिवाजीनगरहून दोन बस बदलून आली होती.

"अण्णा माझ्यासाठी लिवलंय म्हणत होते की हो. ते पुस्तक हेच काय?"

मी प्रत दिली. तिनं एकेका ओळीवर बोट फिरवत अनुक्रमणिका वाचली, मग पानं उलटली. बराच वेळ उलटली. "ह्यात आमच्या ह्यांचं नाव नाही."

"ते जुन्या वह्यांत होतं. त्या अण्णांनी फाडल्या."

"तुम्ही वाचल्या होत्या न्हवं? कारखान्यानं ह्यांचीच चूक म्हणून लिवून दिलंय. अण्णा म्हणायचे, तसं न्हवतं, सगळं लिवतो. काय लिवलं होतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पहिल्या वहीची पहिली दहा पानं मी वाचली होती. पुस्तकाचा प्रकार ठरवायला मला तेवढी पुरली होती. मी तिला तसंच सांगितलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एक खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"मग त्या दहात काय होतं, ते तरी सांगा."