माळ्यावरची पिंपं

कार्तिकात बीडच्या बाजारातून डागाळलेली सफरचंदं घरात आली की मागच्या खोलीला आंबटगोड, किंचित मातकट गंध येई, आणि पुढचे पंधरा दिवस, मोठ्या बरणीत रस संथपणे फसफसत असताना, तो गंध माझ्या पुस्तकांत, अंथरुणात आणि महानंदाच्या साडीच्या पदरात मुरत जाई. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकीतून निवृत्त झालो तेव्हा सायडर, म्हणजे सफरचंदाच्या रसाची सौम्य दारू, करण्याचा हा छंद मी लावून घेतला. महानंदा माझी पत्नी, दिंद्रुडच्या व्यापारी घरातली. तिच्या माहेरी असल्या पेयाचं नुसतं नाव निघालं तरी देवघराचं दार लोटून घेतील. तिने सायडर कधी ओठांना लावली नाही. तिने फक्त बाटल्या धुतल्या.

दर खेपेला सोळा बाटल्या, आणि हिवाळ्यात अशा चार-पाच खेपा. मोरीत उकिडवी बसून, सोड्याच्या कढत पाण्यात प्रत्येक बाटलीच्या अरुंद गळ्यातून ब्रश फिरवायचा, मग त्या गच्चीच्या कठड्याशी उपड्या मांडायच्या, हे काम तिच्याकडे कसं गेलं ते मला आठवत नाही. घरातली बहुतेक कामं तिच्याकडे अशीच गेली. मी चहाचा कप घेऊन गच्चीवर बसे आणि उन्हात भिंतीवर सांडलेला काचेचा हिरवा प्रकाश पाहत राही. त्या प्रकाशाचं मी मित्रांपाशी फार कौतुक करी. तिच्या बोटांना पडलेल्या भेगा त्याच उन्हात दिसत असणार, पण मी भिंतीकडे पाहत होतो.

पाच वर्षांपूर्वी पुण्याचा माझा मित्र विश्वंभर दोन छोटी पोलादी पिंपं घेऊन आला. पाच-पाच लिटरची, बुडाशी तोटी असलेली. त्यांना मिनी केग म्हणतात. आत कढत पाणी ओतायचं, दोनदा हलवायचं, उपडं करायचं, की धुणं संपलं. ‘‘वहिनींचे हात सुटतील,’’ तो म्हणाला. मी हसून म्हणालो, की ज्या पेयाचा रंग दिसत नाही ते प्यायचं तरी कशाला? पिंपं माळ्यावर गेली. दर दिवाळीला महानंदा शिडीवर चढून त्यांच्यावरची धूळ पुशी आणि पुन्हा होती तिथे ठेवी.

मग मागच्या मार्गशीर्षातली ती सकाळ. मोरीत काच फुटल्याचा आवाज आला आणि मी खोलीतूनच ओरडलो, ‘‘भरलेली का रिकामी?’’

मग तिचा शांत आवाज आला, ‘‘रिकामीच हाय.’’

मी पुस्तकाचं पान उलटलं. उठलो तेव्हा मोरीतलं पाणी लाल झालं होतं. डॉक्टरांनी तळवा शिवला, पण आतला मज्जातंतू तुटला होता. आता तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांना भेटत नाही. तिला भाकरी थापता येत नाही, निऱ्या घालायला सुनेला हाक मारावी लागते.

उरलेल्या बाटल्या मी धुवायला बसलो. तिसऱ्या बाटलीला कंबर धरली, सोड्याने बोटं चुरचुरली, आणि चौथी तशीच टाकून मी माळ्याला शिडी लावली. महानंदा दारात उभी होती. हाताला पांढरी पट्टी. तिने शिडीचा पाय डाव्या हाताने धरून ठेवला.

पहिलं पिंप उघडलं त्या दुपारी शेजारचे जाधव वकील आले होते. पोलादावर हात फिरवत त्यांनी विचारलं, ‘‘हे काय नवीन?’’

मी काही बोलण्याआधी महानंदा म्हणाली, ‘‘माज्या हातासाठी काढलं ह्यांनी.’’

‘‘वहिनी, नशीबवान हायेत तुमी,’’ वकील म्हणाले. मी खरं सांगायला हवं होतं. मी तोटी फिरवली आणि पेला भरला. त्यानंतर जो कुणी आला त्याला तिने हेच सांगितलं, त्याच सौम्य आवाजात. मला वाटलं, तिने माफ केलं, आणि मी ती माफी निर्लज्जपणे घेतली. मग संक्रांतीला विश्वंभर आला. पिंपांकडे पाहून तो खुलला. महानंदाने त्याला तिळगूळ दिला, डाव्या हाताने, त्याबद्दल त्याची माफी मागून, आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, ‘‘माज्या हातासाठी काढली ह्यांनी. चार वर्सं लई जपून ठिवली होती.’’

विश्वंभरने पेला खाली ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

यंदा कार्तिक सरत आला तरी मी सफरचंदं आणली नाहीत. घराला कसलाच गंध नाही. महानंदाने दोनदा विचारलं, ‘‘आवंदा कावून न्हाई?’’ काल तिने दोन्ही पिंपं एका हाताने पुसली आणि बैठकीत, पाहुण्यांना दारातूनच दिसतील अशी, मांडून ठेवली.