दीड लादी

बाबांच्या रबाळ्याच्या कारखान्यात एका दिवाळीला सगळ्यांना स्टीलचे डबे मिळाले आणि बाबांना मिळालं गोल्फ! डबे कमी पडले, म्हणून साहेबांनी केबिनमधला नको झालेला खोका त्यांच्या हातात ठेवला. आत एक काठी, दोन पांढरे चेंडू आणि प्लॅस्टिकची पेटी. चेंडू नेमक्या वेगाने आला तर पेटीचा चढ चढून खळग्यात पडायचा आणि आतली स्प्रिंग त्याला परत पाठवायची. हळू आला तर अर्ध्यावरून मागे. जोरात आला तर पेटीवरून उडून थेट देव्हाऱ्यात. आमच्या गणपतीने जितके टोले सहन केले तितके कुठल्या देवाने केले नसतील. त्यातले निम्मे माझे. शेवटी एकदा मी सिक्सर मारायला गेलो आणि ती स्प्रिंगच तुटली.

त्याच हिवाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. डावा पाय लुळा पडला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "पाय हलता ठेवा, नाहीतर कायमचा जाईल." पण आईला कवायतीचा भयंकर तिटकारा. तेव्हा बाबांनी तिला गॅलरीच्या दाराशी खाटेवर बसवलं, पाय खाली सोडले आणि म्हणाले, "आता पेटी तू. मी चेंडू टाकतो, तू परत दे."

"जन्मभर दुसरं काय केलं मी?" आई म्हणाली. पण पाय हलवला.

चेंडू तिच्या बोटांना टेकून थांबायला हवा. जोरात गेला तर लागणार, अलीकडे थांबला तर तिचा पाय पोचणार नाही. म्हणून बाबा पहाटे उठून माझी चप्पल तिच्या पायाच्या जागी ठेवून सराव करायचे. महिन्याभरात त्यांचा हात असा बसला की चेंडू चपलेला नुसता विचारून थांबायचा.

आईचा पाय मात्र तीन लाद्यांवर अडला. चेंडू तिसरी लादी ओलांडेना. ती म्हणायला लागली, "पुरे आता. नाही व्हायचं."

उन्हाळ्यात बाबांनी जाहीर केलं, "इथे फार ऊन येतं." खाट स्वयंपाकघराच्या भिंतीला गेली. आणि काय सांगू! पहिल्याच धक्क्याला सात लाद्या! आठवड्याभरात नऊ! मी तोंडाने बिगुल वाजवला, रेडिओवाल्याच्या थाटात कॉमेंट्री केली. बाबांनी शेजारी पेढे वाटले. आई अर्ध्या ओठाने हसत होती.

एका रविवारी ती म्हणाली, "अहो, खाट परत गॅलरीपाशी न्या."

"का गं? ऊन..."

"आठ वर्षं ही लादी धुतलीय मी. पाणी कुठे पळतं, मला ठाऊक नाही होय?"

हॉलला स्वयंपाकघराच्या भिंतीकडून गॅलरीकडे उतार होता. मला त्याचा पत्ताही नव्हता. बाबांना चपलेबरोबर सराव करताना कळला होता. मी पंख्याकडे बघत राहिलो.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही टाळ्या वाजवत होतात. बरं वाटत होतं."

आम्ही दोघांनी खाट उचलून परत गॅलरीपाशी ठेवली. आईने दात आवळून पाय ढकलला. चेंडू दीड लादी गेला आणि थांबला. तीनही नाही. पाय सुधारत नव्हता, जात होता, आणि ते तिला आमच्या आधी कळलं होतं.

बाबा पुढे आले. तेवढ्या अंतराला काठी लागत नव्हती. ती त्यांनी भिंतीला टेकवली, दुसऱ्या लादीवर मांडी घालून बसले आणि चेंडू बोटाने ढकलला.

"जोरात मारलात," आई म्हणाली.

पुढच्या थंडीत ती गेली. तोवर रोज सकाळी, कारखान्याची बस यायच्या आधी, बाबा त्याच लादीवर मांडी घालून बसायचे.