गुरुवारचे डॉमिनोज

गुरुवारी माझा मित्र दुसऱ्यांचा असायचा आणि ते मला अजिबात खपत नसे.

तो शेजारच्या घरातला, जमैकन आईवडिलांचा मुलगा. बर्मिंगहॅममध्ये आम्ही एकाच बसने एकाच शाळेत गेलो. आईच्या हातचा वरणभात तो माझ्याहून जास्त खायचा. युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षी त्याची झोप गेली, बोलणं आटलं, मग आवाज ऐकू येऊ लागले आणि त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. दर रविवारी डबा घेऊन कोण जायचं? मी. आमच्या घरात माया डब्यातून पोचते. तो जेवायचा, मी फुटबॉलवर बडबडायचो, तो थँक्स म्हणायचा. संपलं.

घरी आल्यावर तो चर्चच्या हॉलमधल्या एका गटात जाऊ लागला. सगळे त्याच्यासारखेच तरुण, काळे, तशाच दिवसांतून गेलेले. त्यांना सांभाळायला एक पोक्त गृहस्थ. तिथे डॉमिनोज, म्हणजे ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ, खेळता खेळता बोलायचं, अशी रीत. मी त्याला गाडीने सोडायचो आणि बाहेर थांबायचो. टेबलावर सोंगट्या आपटल्याचे आवाज यायचे आणि मधेच त्याचं हसणं. इतके डबे वाहिले मी, आणि हसवलं कोणी, तर या लोकांनी! नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी आत येऊ का म्हणून विचारलंसुद्धा. "ही वेळ या मुलांची आहे," ते गृहस्थ प्रेमानेच म्हणाले. कारण मला ठाऊक होतं. रस्त्यात पोलीस त्याला अडवून खिसे तपासायचे तेव्हा मी शेजारीच असायचो. माझ्या खिशांकडे कोणी बघायचंही नाही. पण कळणं वेगळं आणि पचणं वेगळं.

मग मीही डॉमिनोज विकत आणले. आमच्या गालिच्यावर डाव मांडला. तो सगळे डाव जिंकला. "किती हळू ठेवतोस रे, कोणी झोपलंय का?" एवढंच बोलला.

एका गुरुवारी तो आपणहून आमच्याकडे आला. "आज तिकडे नाही जात. इथेच बसू या." माझ्या मनात लाडू फुटले. शेवटी माझ्याकडेच आला ना! तेवढ्यात नीट पाहिलं. दाढी वाढलेली, अंगात दोन दिवसांपूर्वीचाच स्वेटर, नजर दाराकडे. मागच्या वेळी सुरुवात अशीच झाली होती.

"राहू दे ना त्याला," आई म्हणाली. "वेदर बघ केवढं घाण आहे. जेवून जाईल."

मी गाडीची किल्ली उचलली. तो फुरंगटून गाडीत बसला. हॉलच्या दारात त्या गृहस्थांनी काही न विचारता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दार लागलं. मी बाहेर गाडीत बसलो.

तो उशिरा आला. डोळे सुजलेले, पण चेहरा सैल झाला होता.

"आवाज परत येतायत. आज सांगून टाकलं त्यांना. उद्या त्यांच्यातला एक डॉक्टरकडे येतोय माझ्याबरोबर."

"मला का नाही सांगितलंस?" न राहवून मी विचारलं.

"तुझ्यासमोर मला बरं असावंसं वाटतं," तो म्हणाला.

मी गाडी सुरू केली. एवढं ऐकूनही मला त्यांचा हेवा वाटतच होता.