मुकादमाच्या मागं चौघी

नारळ फोडायच्या आधी साहेबांनी मला सर्व्हरच्या खोलीबाहेर काढलं.

“तू जरा बाहेर थांब. महाराज जुन्या वळणाचे आहेत. उगं कशाला वाद?”

परंड्यातली आमची पतसंस्था. खंडेनवमी, आणि नवा सर्व्हर. तो खोक्यातून काढला मी. चार डिस्का बसवल्या मी. फरशीवर पालथा पडून वायरी जोडल्या मी. तेव्हा काही बाटलं नव्हतं. हळद-कुंकू लागायच्या वेळी मात्र आमचं बौद्ध असणं साहेबांना आठवलं. आणि मी? मी शहाण्यासारखा बाहेर गेलो आणि सगळ्यांच्या चपला नीट लावत बसलो. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपले चालले.

पूजा उरकली, मला आत बोलावलं. मशीन सुरू केली. पडद्यावर डिस्क एकच. मी बोंबललो, “साहेब, तीन डिस्का चोरीला गेल्या!”

साहेबांनी झाकण उघडायला लावलं. चारी जागच्या जागी. उदबत्तीचा वास मारत होत्या. कॅशियरबाई तोंडात पदर धरून हसल्या. साहेब म्हणाले, “कोट्यातलं डोकं. त्याला एकच दिसायची!”

मग मी वाचत बसलो, तेव्हा उमगलं. डिस्कांच्या पुढं एक कार्ड असतं, रेड कंट्रोलर. ऑपरेटिंग सिस्टीमचा ड्रायव्हर त्या कार्डाशीच बोलतो. कार्ड म्हणतं, माझ्याकडं एकच मोठी डिस्क आहे. सिस्टीम मान डोलावते. मागं एखादी मरायला टेकली तरी बाकीच्या तिचा भार ओढतात. पुढून सगळं ठीक.

हे वाचलं आणि आबा डोळ्यांपुढं आले. माझे वडील.

आबा धान्याच्या आडतीवर हमाल होते. आडत्या बोलायचा फक्त हमालांच्या मुकादमाशी. आबांचा दम उखडायला लागला, तशी टोळीतल्या गड्यांनी त्यांची पोती आपल्या पाठीवर घेतली. मायेनंच घेतली. गाड्या वेळेवर भरत राहिल्या. एका दुपारी आबा पोत्यांच्या थप्पीला टेकले ते उठलेच नाहीत. आडत्यानं मुकादमाला विचारलं, “कोण रं ह्यो? आपल्याकडचाच व्हय?”

आबांची उभी हयात त्याच्याच दारात गेली होती.

ड्रायव्हरला एक आडवाट असते. कार्डाच्या आतून वाट काढत मागच्या एकेका डिस्कला नंबरानं हाक मारता येते. मग ती सांगते, किती तापलीय, कुठं खराब झालीय. पत्र्याच्या डबीची तब्येत विचारायची सोय केली माणसानं. आबांना कुणी विचारलं नाही.

पुढची खंडेनवमी. साहेब परत म्हणाले, “बाहेर थांब जरा.”

पाय निघालेसुद्धा. उंबऱ्यापाशी चपला दिसल्या, विस्कटलेल्या. मी वळलो.

“न्हाय थांबणार, साहेब. देवाशी माझं काही न्हाय. मशीन मी जोडलीय. मी हितंच उभा राहणार.”

“कंत्राटावर हैस. इसरू नको.”

“इसरलो न्हाय.”

महाराज घड्याळ बघत म्हणाले, “कोण का उभा असंना! मुहूर्त टळतोय.”

मी आत चालेन का, हे त्यांना तर कुणी विचारलंच नव्हतं.

नारळ फुटला. प्रसाद वाटताना साहेबांचा हात माझ्यापुढून निघून गेला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या कामाचंही दुसऱ्याला विचारतात.

कंत्राट संपवलं तर आबांच्या थप्पीवर पोती उचलीन. पण आडत्याला माझं नाव मीच सांगीन. आणि चपला? त्या ज्याच्या त्यानं लावायच्या.