पऱ्हाटीवरची चिंधी

आमच्याकडं चार पाव्हणे जमले, जेवणं झाली, अडकित्ता फिरला की कुणीतरी म्हणतंच, "ती जीपची गोष्ट सांगा." मी थोडे आढेवेढे घेतो, तांब्याभर पाणी पितो आणि सुरू करतो. नदीत रुतलेली जीप, तिला ओढणारे बैल आणि बैलांमागं नुसत्या बनियनवर उभा असलेला मी. लोक हसतात, मीही हसतो. आमची ही मात्र गोष्ट एका ठरावीक जागी आली की चहा ठेवायला उठते, आणि मी नेमकी तेवढी जागा गाळून थेट बैलांवर येतो आणि गोष्ट संपवतो. इतक्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण चहा चांगला असतो.

परवा धाकट्या मुलानं सांगितलं की तो दोस्तांबरोबर कोकणात चाललाय. तिथं म्हणे समुद्रकाठी भाड्यानं जीप मिळते, चारही चाकांनी ओढणारी, आणि ती वाळूवरून पळवायची. "काळजी करू नका बाबा," तो म्हणाला, "किनारा मोकळा असतो. कोणी नसतं तिथं."

"बाबांना विचारून जा," ही आतून म्हणाली. "त्यांना अनुभव आहे."

टोमणा बराबर जागी लागला. म्हणून ती गोष्ट पुन्हा, आणि या वेळी चहाच्या पुढची सुद्धा.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तिसरा का चौथा उन्हाळा असेल. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणीतला एक तालुका होता, आणि मी तिथं एका सरकारी कचेरीत कारकून होतो. लग्नाला वर्ष झालेलं. मे महिन्यात मुंबईहून साडू आणि मेहुणी आले. साडू वयानं माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पगारानं दुप्पट, आणि बोलायला लागला की वाटावं, मुंबईचा समुद्र यानंच घागरींनी आणून भरलाय. त्यांना औंढ्याचं दर्शन घडवायचं आणि दुपारी आमच्या गावी आमरसाला न्यायचं, असा बेत होता. एसटीनं नेलं असतं तर आज सांगायला काही उरलं नसतं. पण साडूला एसटीत बसवायचं माझ्या जिवावर आलं.

यात्रेकरूंना भाड्यानं देणाऱ्या एकाकडं जुनी जीप होती. त्याचा ड्रायव्हर पुसेगावला लग्नाला गेलेला. "तुमाला येते ना चालवायला?" त्यानं विचारलं.

"येते की," मी म्हणालो. कचेरीच्या ड्रायव्हरला चहा पाजून मी कचेरीच्या फाटकापासून पेट्रोल पंपापर्यंत आणि पंपापासून परत फाटकापर्यंत जीप चालवायला शिकलो होतो. त्या रस्त्यावर वळण एकच होतं.

मालकानं दोन गोष्टी बजावल्या. गिअरच्या बाजूला एक आखूड दांडा होता, त्याला काळा दोरा आणि बिब्बा बांधलेला. "या बारक्या दांड्याला हात लावू नका. आन् गाडी रेतीत घालू नका." दांड्याला बिब्बा पाहून मला वाटलं, काहीतरी देवाधर्माचं आहे. तो दांडा पुढची चाकं जोडायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. दुसरी गोष्ट मी ऐकली आणि मालकाच्या अंगणातच ठेवून आलो.

औंढ्याचं दर्शन नीट झालं. तिथून हिंगोलीवरून कळमनुरी मागं टाकली आणि बाळापूरच्या रस्त्याला लागलो. माझं गाव दोन कोसांवर राहिलं असेल, तिथं रस्ता कयाधूच्या काठानं जातो. नदी ठणठणीत कोरडी. पांढरी वाळू उन्हात चमकत होती.

"वा," साडू म्हणाला. "हे तर आमच्या किनाऱ्यासारखंच आहे. मागच्या वर्षी आम्ही भाड्याची जीप वाळूवर घातली होती. काय मजा आली. अर्थात तुमच्याकडं हे कोण करणार. त्याला फोर व्हील लागतं."

"ही फोर व्हीलच आहे," मी म्हणालो.

"असेल. पण ती टाकावी लागते."

"मला लागत नाही," मी म्हणालो. आजही हे वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी डोळे मिटून घेतो.

मागच्या बाकावरून ही म्हणाली, "अवो, घरी आंबे पिळून ठेवले असतील. आई वाट बघून राहिल्या असतील."

"पाच मिनिटं," मी म्हणालो आणि जिथून बैलगाड्या नदीत उतरतात त्या उतारानं जीप खाली घातली. साडूनं शिकवलं, "वाळूत थांबायचं नाही. वेग सोडलास की रुतलास." वाळूवर गाडी चालवण्याचं माझं सगळं शिक्षण एवढंच. पुढची चाकं नुसती फिरत होती, जोर सगळा मागच्या चाकांवर. त्यामुळं वेग सोडणं तर शक्यच नव्हतं.

नदीच्या मधोमध एक काठी रोवलेली दिसली. तिच्या टोकाला तांबडी चिंधी.

"तो झेंडा बघ," साडू म्हणाला. "त्याला वळसा घालून परत काठावर. जमतंय का?"

आता इथं थोडं थांबून सांगावं लागेल. आमच्या भागात उन्हाळ्यात नदी आटली की बाया वाळूत खड्डा खणतात. त्याला झिरा म्हणतात. तळाला पाणी पाझरतं, ते करवंटीनं घागरीत भरायचं. ऊन चढेल तसा झिरा खोल जातो, आणि मे महिन्यात आत उतरून बसलेलं माणूस वरून दिसत नाही. म्हणून जी उतरेल ती कडेला पऱ्हाटीची, म्हणजे वाळक्या कपाशीची, काठी रोवते आणि तिला चिंधी बांधते. आत माणूस आहे, असा त्याचा अर्थ. गुराख्याला लांबून चिंधी दिसली की तो म्हशी दुसरीकडं वळवतो. काही म्हशी तर आपण होऊनच वळतात.

माझी आई वर्षानुवर्षं झिऱ्यात उतरली. तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या मी स्वतःच्या हातानं पऱ्हाटीला बांधल्यात. तेव्हा मी हे विसरलो होतो असं म्हणालो तर बरं दिसेल. पण विसरलो नव्हतो. चिंधी दिसली तेव्हाच आत कोणीतरी आहे हे कळलं. मी मनाशी म्हणालो, लांबून वळसा घालू. कारण थांबलो असतो तर गाडी रुतली असती, आणि गाडी रुतली असती तर साडू हसला असता. त्या क्षणी माझ्या तराजूत एवढंच होतं.

लांबूनच वळायला घेतलं. स्टिअरिंग फिरवलं, पण वाळूत पुढची चाकं नुसती आडवी झाली आणि गाडी सरळच गेली. काठी मोडल्याचा आवाज आला. मग डावीकडचं पुढचं चाक खाली बसलं, जीपचं नाक कललं आणि इंजीन बंद पडलं.

खालून शिवी आली. म्हातारीचा आवाज, आणि शिवी थेट माझ्या खानदानापर्यंत पोचणारी. इतकी दिलासा देणारी शिवी मी जन्मात ऐकली नाही. तेवढ्यात कडेची वाळू पुन्हा घसरली आणि शिवी मधेच तुटली.

मी उडी मारून गेलो. झिऱ्याचा अर्धा काठ ढासळला होता. म्हातारी गळ्यापर्यंत वाळूत, तोंड वर केलेलं, एक हात बाहेर, त्यात करवंटी. तिच्या डोक्यापासून दोन हात वर आमच्या जीपचं चाक. वाळू अजून घसरत होती, आणि वाळूबरोबर चाकही. साडूनं, मेहुणीनं आणि हिनं मागून जीप धरली. मी पालथा पडून हातानं वाळू उपसायला लागलो. जेवढी काढावी तेवढी पुन्हा आत यायची. म्हातारी नुसती माझ्याकडं बघत होती. तिच्या नाकाजवळची वाळू श्वासानं हलते का, एवढंच मी पाहत होतो.

दुसऱ्या झिऱ्यावरच्या दोन बाया टोपली घेऊन धावत आल्या. त्यांनी मला बाजूला ढकललं. "चाकाच्या अंगाची काढू नको येड्या, इकडून काढ." वाळू कशी काढायची हे त्यांना माहीत होतं. खरं तर मलाही माहीत होतं. थोड्या वेळानं म्हातारीचे खांदे मोकळे झाले. तिघांनी मिळून तिला ओढून बाहेर काढलं आणि मगच मागच्यांनी जीप सोडली. जीप सावकाश पुढं सरकली आणि म्हातारी बसली होती त्या जागी चाक टेकवून उभी राहिली.

ते पाहून मेहुणी रडायला लागली.

म्हातारीनं तोंडातली वाळू थुंकली. पाय मुरगळला होता, तो दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. मग मला म्हणाली, "काहून रे, डोळे हायेत का भोकं? चिंधी न्हाई दिसली?"

मी हातांची वाळू झटकत राहिलो.

"म्हशीला दिसती. तुला न्हाई दिसली. कोन गावचा तू? कोनाचा?"

ही ती जागा. इथं आमची ही चहा ठेवायला उठते.

माझं गाव दोन कोसांवर होतं. वडिलांचं नाव सांगितलं असतं तर म्हातारीनं आजोबांपर्यंत ओळख काढली असती. संध्याकाळपर्यंत गोष्ट बाळापूरच्या बाजारात पोचली असती. शेजारी साडू उभा. मी घसा साफ केला आणि साडूच्या मराठीत म्हणालो, "आम्ही मुंबईचे आहोत, आजी. आम्हाला कल्पना नव्हती."

साडूनं माझ्याकडं पाहिलं. हिनंही पाहिलं.

म्हातारीचा चेहरा बघता बघता निवळला. "व्हय का," ती म्हणाली. "मग तुला काय ठावं लेकरा. पाव्हन्याला काय ठावं असनार." आणि बायांना म्हणाली, "जाऊ द्या गं. शहरातलं लेकरू हाय. त्याला रेतीतलं काय कळतंय."

शिव्या दिल्या असत्या, करवंटी फेकून मारली असती, तर मी आज ही गोष्ट वेगळ्या तोंडानं सांगितली असती. पण तिनं माफ केलं, आणि ते मुंबईच्या माणसाला केलं. माझ्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

काम मात्र तिनं सोडलं नाही. "झिरा मोडला, आता खनून दे," म्हणाली. मी सदरा काढला आणि दहा हात पलीकडं खणायला बसलो. चुकीच्या हातानं, मुंबईच्या माणसासारखं. मला येतं हे दिसू नये म्हणून. "असं न्हाई रे, काठ उतरता ठेव," ती जीपच्या सावलीत बसून सांगायची आणि मी "असं का, आजी?" म्हणायचो. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं, मग खालून नितळ पाणी आलं. म्हातारीनं पहिली करवंटी भरून हिच्यापुढं धरली. "घे माय. तोंड सुकलं तुझं. घाबरलीस जनू." ही प्यायली आणि पदरानं तोंड झाकून घेतलं.

एका शेतकऱ्याच्या बैलजोडीनं जीप ओढून काढली. म्हातारी दोघींच्या खांद्यावर हात टाकून लंगडत गेली. "जीपनं सोडतो," मी म्हणालो. "नको बाबा, तू आपला रस्त्यानं जा," ती म्हणाली.

आमरस राहिला; आम्ही तिथूनच हिंगोलीला परतलो आणि घरी भलतंच कारण कळवलं. संध्याकाळी मालकाला जीप दिली तेव्हा तो चाकाची वाळू बघून म्हणाला, "रेतीत काहून घातली? अन् घातली तर बारका दांडा तरी टाकायचा." दांड्याला हात का लावू नका म्हणालात, असं विचारलं तर म्हणाला, "पक्क्या रस्त्यावर. बिब्बा तर मी घड्याळाला बी बांधतो."

दिवाळीला गावी गेलो. आई जेवायला वाढत होती. "ऐकलंस का," ती म्हणाली, "उन्हाळ्यात त्या वरच्या गावच्या म्हातारीच्या झिऱ्यावर कोन मुंबईचा मेला गाडी घालून गेला. बिचारी अजून काठी धरून चालती. चिंधी बघून बी आला म्हणं. यांच्या मायनं यांना काही शिकवलं न्हाई का?"

ती माझ्याकडं उत्तरासाठी बघत होती.

"शहरातले लोक असेच," मी म्हणालो आणि ताट पुढं सरकवलं. तिनं अजून एक पोळी वाढली.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हातारी त्याआधीच गेली. तिच्या गावी जाऊन यावं असं मी दर उन्हाळ्यात म्हणायचो, आणि दर उन्हाळ्यात कचेरीत काम निघायचं.

मुलगा सगळं ऐकून म्हणाला, "पण बाबा, समुद्रावर कोण झिरा खणणार?"

"कोळणी असतील. शिंपले वेचणारं कुणी असेल. मला नाही ठाऊक, आणि तुलाही नाही," मी म्हणालो. "म्हणून आधी खाली उतरून पायानं चालून ये. काही रोवलेलं दिसलं तर ते का रोवलंय हे तिथल्या माणसाला विचार. आणि काही चुकलंच, तर गाव खरं सांग."

मी हिच्याकडं पाहिलं. चहाची वेळ केव्हाच टळून गेली होती. ही उठली नव्हती.