दिवाळसणाचा उपग्रह

माझं दिवाळसणाचं घड्याळ अमेरिकेनं नेलं.

विट्याकडच्या आमच्या भावकीत पहिला बी.एस्सी. मी. बाकीच्यांचं शिक्षण उसाच्या फडातच आटोपलेलं. (त्यांच्यापुढं विज्ञान बोलणं म्हणजे म्हशीला दुर्बीण दाखवणं!) सासुरवाडी मात्र जतच्या पलीकडची, कर्नाटकातली, आणि तिथल्या शाळेत सरकारनं टीव्ही ठेवलेला. अंगणात कोंबड्यांच्या जाळीची भली थोरली छत्री, आणि चित्र यायचं थेट आभाळातल्या उपग्रहाकडून.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात, लग्नाच्या मांडवातच सासऱ्यांनी विचारलं, पहिल्या दिवाळीला जावयाला घड्याळ चालंल का? सगळी भावकी ऐकत होती. मी छाती काढून सांगितलं, घड्याळ नको. दिवाळीला माझ्या माणसांना टीव्ही दाखवा.

पंगतीतून माझे चुलते तात्या म्हणाले, "उपग्रह कुणाचा हाय रं?"

"अमेरिकेचा. आपल्याला वापरायला दिलाय."

"उसना? मग घड्याळ घे गड्या."

आता या माणसाला काय सांगायचं? तरी सांगितलं. हा उपग्रह भूस्थिर. पृथ्वीच्या बरोबरीनं फिरतो, म्हणून जागचा हलत नाही. "तात्या, एक वेळ डोंगर हलंल, ह्यो न्हाई हलायचा!" तात्यांनी लापशीचा घास तोंडात घातला. मी जिंकलो.

दिवाळीला उसाच्या ट्रकातून अख्खी भावकी नेली. (कार्यक्रम कानडीत असतात, ही बारीक अडचण वाटेत सांगितली नाही.) शाळेपाशी उतरलो, तर छत्री आडवी पाडून तिच्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. टीव्ही पोत्यात गुंडाळलेला.

सासरे म्हणाले, "जावईबापू, उपग्रह पावसाळ्यातच न्हेला की त्येंनी. वरीसभराच्या बोलीवर व्हता."

"मग कळवायचं नाही?"

"तुमी शिकलेलं. म्हटलं, तुमाला आमच्या आदी म्हाईत आसंल."

(उपग्रह आल्याचं कात्रण मी जपून ठेवलं होतं. गेल्याची बातमी कोण वाचतो?)

भावकी माझ्याकडं बघत होती. मी घसा खाकरून सांगितलं, की भूस्थिर उपग्रहसुद्धा हलवता येतो, त्यात इंधन असतं.

"आसंल की," तात्या म्हणाले. "घड्याळाचं बघ आता."

घड्याळ सासऱ्यांनी कधीच थोरल्या जावयाला देऊन टाकलं होतं. हा माझा साडू, मॅट्रिक नापास. अजूनही सासुरवाडीला गेलो, की किती वाजले ते मला त्यालाच विचारावं लागतं. आणि तो सांगण्याआधी एकदा वर आभाळाकडं बघून घेतो, मग मनगटाकडं.