चिठ्ठीतला ‘एंडोक्राइन’

मिठाच्या सत्याग्रहानंतर दोनेक वर्षांनी मी आजारी पडले. विशी नुकती सरली होती. आजार म्हणावा तर ताप नाही, खोकला नाही. तोंड सुजलेलं, केस मूठमूठ गळायचे, आवाज घोगरा झालेला. भर वैशाखात घोंगडी पांघरावी लागे. जात्याशी बसले की तिथेच डोळा लागायचा. शेजारणी मला आळशी म्हणत. सासूबाई मात्र कधी तसं बोलल्या नाहीत. माझ्या वाटणीचं दळण त्याच उरकायच्या.

पुढच्या शिमग्याला नवरा मुंबईहून आला. मला बघून घाबरला आणि जाताना सोबत घेऊन गेला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझा गळा चाचपला, इंग्रजीत चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, “रत्नागिरीच्या डॉक्टरांना दाखवा. ते औषध देतील.” आजार कसला, हे विचारायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही.

आगबोटीने जयगडला उतरून मी घरी आले. सासऱ्यांनी चिठ्ठी गावातल्या मास्तरांना वाचायला दिली. ते एका शब्दावर अडले.

“एंडोक्राइन. माझ्या डिक्शनरीत हा शब्द नाही.” मग आवाज उतरवून म्हणाले, “पण एंड म्हणजे शेवट.”

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. माझ्या मनात एवढंच आलं, की नवऱ्याला आता दुसरी करावी लागेल.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मला घेऊन रत्नागिरीला गेल्या. खाडी ओलांडताना होडीत आम्ही एकमेकींकडे बघितलंही नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. मास्तरांनी काढलेला अर्थ ऐकून त्यांना हसू आलं.

सासूबाई भडकल्या. “माजी सून चालली, नि तुमी हसताव?”

“अहो आजी, एंड नव्हे, एंडो. म्हणजे आत. हे विशेषण आहे, गोडं पाणी, खारं पाणी म्हणतो ना, तसं. गळ्यात एक ग्रंथी असते. ती आपला रस आतल्या आत रक्तात सोडते. अशा ग्रंथींना, त्यांच्या आजारांना हा शब्द लावतात. हिचा रस कमी पडतोय. तो गोळ्यांनी भरून काढायचा.”

“म्हंजे मरनार नाय ना ती?”

“गोळ्या चुकवल्या नाहीत, तर तुम्हाला पुरून उरेल!”

सासूबाई तिथेच बाकावर बसून रडल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. मला एकदम भूक लागली. कितीतरी महिन्यांत तशी लागली नव्हती.

गोळ्या मेंढीच्या ग्रंथीच्या होत्या आणि त्यांना उग्र वास यायचा. सासूबाई रोज सकाळी समोर उभ्या राहून मला गिळायला लावत. दीड-दोन महिन्यांत सूज ओसरली. पाणवठ्यावर एकीने जुनंच बोलणं काढलं, तेव्हा सासूबाईंनी कळशी खाली ठेवली.

“आलस नव्हता तो. एंडोक्राइन आजार व्हता. इचार डाक्टरला!”

मी चौथीपर्यंत शिकलेली. त्या आठवड्यात नवऱ्याला माझ्याच हाताने कार्ड लिहिलं: प्रकृती सुधारते आहे, काळजी नसावी, गणपतीला नक्की या.